म्हाताऱ्या मांजराला वारंवार उलटी होते: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मांजरं उलट्या करतातच ना? मग काळजी नेमकी कधी करायची?

"मांजर आहे, ओकणारच" हे वाक्य इतकं रुळलेलं आहे की त्यापायी कित्येक मांजरांचा आजार वर्ष-दीड वर्ष उशिरा सापडतो. धडधाकट मांजर क्वचित एखाद्या वेळी गवत खाऊन किंवा घाईघाईत जेवून ओकतं. पण दहा वर्षांच्या पुढचं मांजर महिन्यातून दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा ओकत असेल आणि हे दोन-तीन महिने चालू असेल, तर ते म्हातारपण नसून आजाराचं लक्षण आहे. तपासणी करून दुसरं काही निघेपर्यंत तसंच धरून चालावं. मांजर खेळतं, खातं, मांडीवर येतं म्हणून निश्चिंत राहू नका. मांजरं आजार लपवतात, आणि आतड्याच्या जुनाट आजारात तर भूक बरेच दिवस उत्तम राहते.

ही उलटी आहे की आणखी काही, हे कसं ओळखायचं?

हा फरक कळला की डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं, कारण खरी उलटी, अन्न नुसतं परत येणं आणि खोकला या तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

खऱ्या उलटीआधी मळमळ दिसते. मांजर ओठ चाटतं, लाळ गिळतं, अस्वस्थ फिरतं, कधी विचित्र आवाजात ओरडतं. मग पोट जोरजोरात आत-बाहेर होतं आणि अर्धवट पचलेलं अन्न, फेस किंवा पिवळं पित्त पडतं.

दुसऱ्या प्रकारात पोटाला काहीच कष्ट पडत नाहीत. मांजर मान खाली घालतं आणि अन्न नळीच्या आकारात, न पचलेलं, तसंच्या तसं बाहेर येतं. असं बहुतेक वेळा जेवणानंतर लगेच होतं. इथे दोष जठरात नसून अन्ननलिकेत असण्याची शक्यता जास्त.

तिसरा प्रकार खोकल्याचा. मांजर जमिनीलगत दबून बसतं, मान पुढे ताणतं, घशातून खर्र-खर्र आवाज काढतं आणि शेवटी थोडा फेस येतो किंवा काहीच येत नाही. घरातले म्हणतात, "केसांचा गोळा अडकलाय," आणि निघतो दमा.

ओळखता येत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा उपयोगी ठरतो.

कोणत्या स्थितीत वाट न पाहता लगेच न्यायचं?

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर रात्र असली तरी निघा:

- काही तासांत अनेक उलट्या, किंवा पाणीसुद्धा पोटात टिकत नाही
- उलटीत रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट माल
- चोवीस तास काहीच खाल्लेलं नाही
- हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळी
- तोंड उघडं ठेवून श्वास, लडखडणं, अंग गार पडणं
- बोका सारखा लघवीला बसतो पण थेंबही येत नाही (मूत्रमार्ग बंद झाला की उलट्या सुरू होतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो)
- तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबतोय

दोरा कधीही ओढू नका. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलेलं असतं. ओढलं की दोरा आतड्याला करवतीसारखा कापतो. लांब टोक पायात अडकत असेल तर तेवढंच कापा आणि दवाखाना गाठा. पतंगाचा मांजा, शिवणाचा दोरा, हाराचा दोरा, भेटवस्तूची रिबन या सगळ्यांची गत सारखीच.

म्हाताऱ्या मांजरांमध्ये कारणं कोणती असतात?

सर्वांत जास्त दिसणारी आधी घेऊ.

मूत्रपिंडाचा जुनाट आजार: मांजर जास्त पाणी पितं, वाळूत लघवीचे मोठे गोळे दिसतात, वजन हळूहळू उतरतं. साठलेल्या विषारी घटकांमुळे मळमळ होते. भूक लागल्यासारखं ताटलीजवळ येऊन वास घेऊन परत जाणं ही या आजाराची फार ओळखीची खूण आहे.

थायरॉइडचं वाढलेलं काम: हे मांजर उलट वागतं. वखवखल्यासारखं खातं तरी वाळत जातं, रात्री ओरडतं, अस्वस्थ असतं. घाईने भरपूर खाल्ल्यामुळेही ओकतं. "या वयात भूक किती छान!" असं कौतुक होत राहतं आणि आजार वाढत जातो.

आतड्याची जुनाट सूज आणि आतड्याचा मंद गतीने वाढणारा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर): या दोघांची लक्षणं इतकी सारखी असतात की बाहेरून फरक करता येत नाही. उलटी, हळूहळू वजन कमी होणं, कधी जुलाब, कधी काहीच जुलाब नाहीत. म्हाताऱ्या मांजराच्या वारंवार उलट्यांचा उलगडा बऱ्याचदा इथेच होतो, आणि हाच आजार सर्वांत जास्त "केसांचा गोळा" म्हणून खपवला जातो.

त्यानंतर स्वादुपिंडाची सूज, यकृत आणि पित्तनलिकेची सूज (हे दोन्ही आणि आतड्याची सूज एकाच वेळी असू शकतात), मधुमेह, अन्नाची ॲलर्जी, पोटातल्या गाठी, जंत. बद्धकोष्ठही लक्षात ठेवा: शरीरात पाणी कमी झालेल्या मांजराची शी कडक होते, कुंथताना ते ओकतं आणि सगळे पोटाकडे बघत बसतात.

औषधंही उलटी करवतात. अँटिबायोटिक, वेदनाशामक आणि थायरॉइडच्या गोळ्या यांची नावं डॉक्टरांना आठवणीने सांगा.

केसांचा गोळा पडतो म्हणजे उलटीचं कारण केसच ना?

केस प्रत्येक मांजर गिळतं. निरोगी आतडं ते शीवाटे बाहेर टाकतं. म्हाताऱ्या मांजराचे गोळे अचानक वाढले, तर एकतर ते जास्त चाटतंय (खाज, दुखणं, ताण) किंवा जठर-आतड्याची हालचाल मंदावली आहे. म्हणजे केस हे बऱ्याचदा कारण नसतं, आतड्याच्या बिघाडाचा तो परिणाम असतो. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजराला रोज विंचरा, त्याने फरक पडतो. केसांसाठी मिळणारी माल्ट पेस्ट अधूनमधून चालेल. पॅराफिन तेल मात्र तोंडात ओतू नका: त्याला चव नसल्यामुळे ते सहज श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. तूप चाटवण्याचा खास फायदा नाही, जुलाब तेवढे होतात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी काय नोंदवायचं?

दोन गोष्टी: उलटीची वही आणि वजन.

वहीत तारीख, वेळ, जेवणानंतर किती वेळाने, काय पडलं, त्या दिवशी काय खाल्लं, शी कशी होती. जेवणानंतर आठ-दहा तासांनी न पचलेलं अन्न पडत असेल तर जठर रिकामं व्हायला उशीर होतोय. पहाटे रिकाम्या पोटी पिवळा फेस पडत असेल तर रात्री झोपताना थोडं खायला देऊन पाहा. दोन आठवड्यांत थांबला नाही तर नुसत्या पित्ताला दोष देऊ नका.

वजनासाठी माणसांचा काटा उपयोगाचा नाही, त्यात शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते. प्रवासाच्या बॅगेसाठी मिळणारा हुकवाला डिजिटल काटा घ्या. मांजर नेण्याची पिशवी मांजरासह लटकवून तोला, मग रिकामी तोला, वजाबाकी करा. किंवा बाळांचा काटा वापरा. दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, जेवणाआधी. चार किलोच्या मांजराचं 200 ग्रॅम वजन उतरलं म्हणजे पाच टक्के गेले, आणि 400 ग्रॅम म्हणजे दहा टक्के: साठ किलोच्या माणसाचे सहा किलो. हाताला हा फरक कळत नाही, कारण आधी पाठीचे स्नायू जातात, पोट गोलच दिसत राहतं.

कोणत्या तपासण्या मागायच्या, आणि कोणत्या क्रमाने?

पहिल्या फेरीत: संपूर्ण रक्तगणना, मूत्रपिंड-यकृत-साखर-पोटॅशियम-फॉस्फरस-कॅल्शियम यांची रक्तचाचणी, थायरॉइडची टी-४, लघवीची तपासणी, शीची तपासणी आणि रक्तदाब.

लघवी सर्वांत जास्त वेळा सोडून दिली जाते, आणि इथेच घोळ होतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) थोडंसं वाढलेलं असताना मूत्रपिंड बिघडलंय की मांजराच्या अंगात फक्त पाणी कमी आहे, हे लघवीच्या घनतेवरून कळतं. उलट्यांनी पाणी कमी झालेल्या मांजराची लघवी दाट असायला हवी, 1.035 च्या खाली असेल तर मूत्रपिंडावर संशय जातो. म्हणून नमुना सलाइन लावण्याआधी घ्यायला सांगा, नंतर घेतलेल्या नमुन्याला अर्थ उरत नाही. एसडीएमए ही मूत्रपिंडाची रक्तचाचणी मिळत असेल तर करा, ती क्रिएटिनिनच्या आधी बोलते.

साखर वाढलेली दिसली तर घाबरू नका. दवाखान्यातल्या भीतीनेही मांजराची साखर चढते. फ्रुक्टोसामिन (मागच्या काही दिवसांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) केलं की खरं काय ते कळतं.

पहिल्या फेरीत काही निघालं नाही आणि उलट्या चालूच आहेत, तर पोटाची सोनोग्राफी, बी-१२ आणि फोलेट या जीवनसत्त्वांची रक्तचाचणी, आणि स्वादुपिंडाची मांजरांसाठीची खास लायपेझ चाचणी. माणसांच्या लॅबमधली साधी अमायलेझ-लायपेझ मांजरात भरवशाची नाही. सोनोग्राफीत आतड्याच्या भिंतीची जाडी, तिचे थर आणि आतल्या ग्रंथी बघतात, त्यासाठी हात बसलेला माणूस लागतो. गावाकडे ही सोय नसेल तर मुंबईत परळ, नागपूर आणि शिरवळ इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं चौकशीसाठी लक्षात ठेवा. जाण्याआधी फोन करून मांजरांची सोनोग्राफी कोणत्या दिवशी होते ते विचारा.

सूज आणि लिम्फोमा यांतला फरक शेवटी बायोप्सीनेच, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासूनच, ठरतो. दुर्बिणीने घेतलेला तुकडा वरच्या थरापुरता असतो. शस्त्रक्रियेने पूर्ण जाडीचा मिळतो, पण अशक्त मांजराला भूल सोसेल का, हे आधी बघावं लागतं.

"एक इंजेक्शन मारून बघू" असं म्हणाले तर?

उलटी थांबवणारं इंजेक्शन असेल तर हरकत नाही, मांजराला आराम हवाच. मारोपिटंट हे मांजरांसाठी चांगलं औषध आहे, ऑन्डान्सेट्रॉनही चालतं. पण त्याने उलटी थांबली म्हणजे आजार थांबला असं नाही. तपासणीची तारीख पुढे ढकलू नका.

स्टिरॉइडचं असेल तर थांबा आणि विचारा. महिनाभर टिकणारं स्टिरॉइड दिलं की मांजर चार दिवसांत टुणटुणीत होतं, खातं, ओकत नाही. पण त्याने मधुमेह उघडा पडू शकतो, लपलेला हृदयविकार चिघळू शकतो, आणि नंतर बायोप्सी केली तर लिम्फोमाचं चित्र पुसट झालेलं असतं. स्टिरॉइड लागणारच असेल तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या बऱ्या, कारण त्या कमी करत थांबवता येतात. प्रेडनिसोन नको, ते मांजराच्या शरीरात नीट बदलत नाही. आणि मूत्रपिंड, थायरॉइड, साखर तपासल्याशिवाय नकोच.

उलटी झाल्यावर त्या दिवशी घरी काय करायचं?

दोन ते चार तास अन्न उचलून ठेवा, त्याहून जास्त नको. कुत्र्यासारखा दिवसभराचा उपास मांजराला घडवायचा नसतो: जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साठते आणि नवाच जीवघेणा आजार सुरू होतो. पाणी एकदम वाटीभर न ठेवता अर्ध्या तासाने एक-दोन चमचे द्या. टिकलं तर उकडलेल्या चिकनचा चमचाभर चुरा, कोमट, मीठ-हळद-कांदा-लसूण काहीही न घालता. तेही टिकलं तर दोन तासांनी पुन्हा.

अंगातलं पाणी कमी झालंय का, हे कातडी चिमटीत धरून बघतात, पण म्हाताऱ्या मांजरात तो अंदाज चुकतो कारण कातडी आधीच सैल असते. हिरडीला बोट लावा. ओली-गुळगुळीत हवी. चिकट लागली तर दवाखाना.

माणसांची औषधं किंवा घरगुती उपाय?

नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन तेच. ओव्याचा अर्क देऊ नका, त्यातला थायमॉल मांजराचं यकृत नीट निचरू शकत नाही. लसूण-कांद्याने तांबड्या पेशी फुटतात. हिंगाच्या पाण्याचा उपयोग काही नाही, जबरदस्तीने पाजताना ठसका तेवढा लागतो. विष खाल्ल्याचा संशय असेल तर मीठ किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून ओकायला लावू नका.

घरातल्या झाडांमुळे उलटी होते का?

होते. लिली सर्वांत घातक: पान, फूल, परागकण, फुलदाणीतलं पाणी, कशानेही दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड निकामी होतं. लग्नाकार्यातल्या पुष्पगुच्छातून ती घरात येते. कळलावी, कण्हेर आणि सायकसही विषारी आहेत. मनी प्लांट आणि डिफेनबाखिया चावल्यावर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओकारी येते. साधं गवत चालतं.

खाण्यात नेमका काय बदल करायचा?

आधी काय चुकतं ते बघू. दूध-भात, दूध-पोळीवर वाढलेलं मांजर आपल्याकडे घरोघरी आहे. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि भात-पोळीत त्यांना लागणारं टॉरिन (मांसातून मिळणारा पोषक घटक) नसतं. नुसत्या मासळीवर ठेवणंही बरोबर नाही. तारलीसारख्या काही माशांमध्ये, कच्चे दिले तर, बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. कालवणातली मासळी तर कांदा-लसूण-तिखटाची.

चार किलोच्या, फार न हलणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण 200 किलोकॅलरी लागतात, म्हणजे कोरडं खाद्य 50 ते 55 ग्रॅम. ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, वाटीने अंदाज चुकतो. एवढंच खाद्य पाच-सहा वेळांत वाटून द्या. भराभर गिळणाऱ्यासाठी पसरट ताट किंवा इडलीपात्राच्या खळग्यांमध्ये विखरून ठेवा. दुसऱ्या मांजराची स्पर्धा असेल तर वेगळ्या खोलीत. ओलं खाद्य फ्रिजमधून थेट देऊ नका, अंगाइतकं कोमट करा. वासही उठतो, पोटालाही झेपतं.

ॲलर्जीचा संशय असेल तर खाद्य-चाचणी करायची: आधी कधीच न खाल्लेलं एकच मांस, किंवा प्रथिनं तोडलेलं, पशुवैद्यकाने सुचवलेलं खाद्य. पोटाच्या तक्रारीत फरक बहुतेक दोन आठवड्यांतच दिसतो. अट एकच, पण कडक: त्या काळात दुसरा घासही नाही. आजीने दिलेला बोंबलाचा तुकडा, चवदार जंताची गोळी, शेजारच्यांची बिस्किटं, यांतलं काहीही गेलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

खाद्य बदलताना सात ते दहा दिवस जुन्यात नवं वाढवत न्या. मूत्रपिंडाचं खाद्य मळमळत असताना पहिल्यांदा देऊ नका, मांजर त्या वासाशी मळमळ जोडतं आणि पुन्हा तोंड लावत नाही. आधी उलटी आटोक्यात, मग नवं ताट.

निदान झाल्यावर उपचार कसे असतात?

थायरॉइडसाठी मेथिमाझोल किंवा आपल्याकडे सहज मिळणारं कार्बिमाझोल. सुरुवातीच्या आठवड्यांत या गोळ्यांनीच उलटी होऊ शकते, म्हणून कमी मात्रेने सुरू करतात. दोन-तीन आठवड्यांनी टी-४ आणि क्रिएटिनिन दोन्ही पुन्हा तपासा: वाढलेला थायरॉइड मूत्रपिंडाचा आजार झाकून ठेवतो, तो खाली आला की ते उघडं पडतं. अमेरिका, ब्रिटनमधल्या वाचकांना किरणोत्सारी आयोडीनचा कायमचा इलाज उपलब्ध आहे, त्याची चौकशी जरूर करा.

बी-१२ कमी असेल तर इंजेक्शन: सहसा 250 मायक्रोग्रॅम दर आठवड्याला, सहा आठवडे, मग महिन्याने एक. हे भरून काढल्याशिवाय बाकीचे उपचार नीट लागू पडत नाहीत.

आतड्याच्या सुजेवर आधी खाद्य, मग प्रेडनिसोलोन. मंद लिम्फोमावर प्रेडनिसोलोनसोबत क्लोरॅम्ब्युसिल हे कॅन्सरवरचं औषध. "कॅन्सर" ऐकून हात-पाय गाळू नका. या प्रकारात अनेक मांजरं दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चांगली जगतात. क्लोरॅम्ब्युसिलची गोळी तोडू नका आणि हातमोजे घालून द्या.

मूत्रपिंडासाठी कमी फॉस्फरसचं खाद्य, मळमळीवर औषध, भुकेसाठी मिर्टाझापिन (एक दिवसाआड, अगदी थोडं, माणसांची पूर्ण गोळी कधीच नाही) आणि गरज पडली तर कातडीखाली सलाइन. आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या सरसकट महिनोन्महिने देण्यात फारसा अर्थ नाही.

कातडीखाली सलाइन घरी देता येतं का?

येतं, एकदा दवाखान्यात हातात हात धरून शिकून घ्या. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून अंगाइतकी गरम करा. दोन खांद्यांच्या मध्ये कातडीचा तंबू उचला, सुई त्याच्या पायथ्याशी, पाठीला समांतर घाला. चार-पाच किलोच्या मांजराला एका वेळी साधारण 100 ते 150 मिलिलिटर. रोज की आठवड्यातून दोनदा, ते डॉक्टर ठरवतील. गोळा पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत शोषला जातो. रिंगर लॅक्टेट चालतं, ग्लुकोजचं सलाइन कातडीखाली देऊ नका. हृदयविकार असलेल्या मांजराला विचारल्याशिवाय थेंबही नको.

गोळी दिली की लगेच ओकतं. काय करू?

कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटते, तिथे जखम करते, विशेषतः डॉक्सीसायक्लिन. प्रत्येक गोळीनंतर सिरिंजने गालाच्या बाजूने सहा मिलिलिटर पाणी हळूहळू द्या किंवा लोण्याचा इवला गोळा चाटवा. अर्ध्या तासाच्या आत पूर्ण गोळी बाहेर पडली तरच पुन्हा द्यायची का ते विचारा. स्वतःहून दुसरी देऊ नका.

उपचार चालू आहेत तरी अधूनमधून उलटी होते. हे अपयश का?

नाही. आठवड्याला चार उलट्यांवरून महिन्याला एक, वजन स्थिर, ताट संपतंय: हे चांगलं चाललंय. वजन उतरतंय पण उलटी थांबली, हे चांगलं चाललेलं नाही. दोन्ही आकडे घेऊनच दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जा.

उलटी पुसायला फिनेल चालेल?

चालणार नाही. फिनेल आणि डेटॉलमधले फिनॉल गटाचे घटक मांजर पंजावरून चाटून पोटात घेतं आणि त्याने नव्याने उलट्या, तोंडात फोड, यकृताला इजा होते. माल कागदाने उचला, फरशी कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने पुसा, साबण दुसऱ्या फडक्याने काढून पूर्ण वाळू द्या. गालिच्यावर डाग असेल तर थंड पाणी आधी, गरम पाण्याने प्रथिनं धाग्यात बसतात. पुसण्याआधी फोटो काढून वहीत लावायला विसरू नका.